नजर, वेळ आणि फासा

१९१७-१८ मध्ये ब्रिटनच्या हवाई दलातून पश्चिम आघाडीच्या आकाशात चार भारतीय लढाऊ वैमानिक लढले. हरदितसिंग मलिक पायात गोळ्या घेऊन परतले आणि पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले. एरॉल चंदर सेन शत्रूच्या हाती लागले आणि युद्धकैदी झाले. कलकत्त्याच्या इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये तेरा दिवसांत दहा विजय नोंदवले आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला ते मारले गेले. तेव्हा त्यांचे वय होते एकोणीस. चौथे मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. २३व्या स्क्वाड्रनचे सॉपविथ डॉल्फिन विमान घेऊन जून १९१८ मध्ये ते निघाले ते परतलेच नाहीत. फ्रान्समधल्या हांगार गावी त्यांची कबर आहे.

आता या चौघांच्या सोंगट्या करायच्या आहेत असे समजा. पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा, वर विमानाचे चित्र आणि कोपऱ्यात एक अंक. तो अंक वैमानिकाच्या कौशल्याचा. इंद्रलाल रॉय यांच्या सोंगटीवर कोणता अंक लिहाल? डिसेंबर १९१७ मध्ये त्यांचे विमान कोसळले होते, ते जबर जखमी झाले होते आणि काही काळ उड्डाणाला अपात्रही ठरले होते. मे १९१८ मध्ये कुणी त्यांची सोंगटी कापली असती तर तिच्यावर सर्वांत लहान अंक पडला असता. दोन महिन्यांनी तीच सोंगटी काढली असती तर सर्वांत मोठा. माणूस तोच. मग मधल्या काळात जे बदलले त्याला काय म्हणायचे, आणि ते पटावर कसे आणायचे? हे पुस्तक या प्रश्नापाशी सुरू होते.

मी हे सावनेरात बसून लिहितो आहे. सावनेर म्हटले की मराठी वाचकाला राम गणेश गडकरी आठवतात. २३ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी येथेच देह ठेवला. विमानांशी आमच्या गावाचा संबंध एवढाच, की नागपूर येथून जेमतेम तासाभरावर आहे आणि संत्र्याच्या बागेत उभे राहून वर पाहिले तर देशाच्या चारी दिशांना जाणाऱ्या विमानांच्या पांढऱ्या रेघा एकमेकींना छेदताना दिसतात. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. या पुस्तकाचा लेखक माझा जुना विद्यार्थी. काही वर्षांपूर्वी तो प्लायवूडच्या फळीवर षट्कोनी घरे आखून, संत्र्याच्या पेटीच्या पुठ्ठ्यातून कापलेल्या सोंगट्या घेऊन माझ्या ओसरीवर आला आणि म्हणाला, “सर, विमानाचा वेग पुस्तकात सापडतो. वळण्याचा कोन सापडतो. माणसाचा अंक कुठून आणायचा?” त्या दिवसापासून आम्ही दोघे या प्रश्नाच्या मागे आहोत. ही प्रस्तावना लिहिण्याचा माझा अधिकार तेवढाच.

हवाई युद्धखेळांच्या या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाने आधी आपल्या ओळखीच्या पटापासून निघावे. बुद्धिबळात हत्ती हा हत्ती असतो. तो नागपूरच्या दिव्या देशमुखच्या हातात असो की परवा खेळ शिकलेल्या मुलाच्या हातात, त्याची चाल तीच आणि त्याचा मारही तोच. कौशल्य सगळे खेळणाऱ्याचे असते, सोंगटीचे काहीच नसते. शिवाय पट दोघांनाही पूर्ण दिसतो आणि फाशाला तेथे जागा नाही. युद्धखेळ या तिन्ही गोष्टी बदलतो. त्यात सोंगटीला स्वतःचा गुण असतो, पट पूर्ण दिसत नाही आणि नशिबाला वाटा असतो. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये मांडलेल्या खेळात नकाशा होता, फासा होता आणि दोन्ही पक्षांना जे दिसायला हवे तेवढेच सांगणारा पंच होता. तेथून ही परंपरा चालत आली. दुसऱ्या महायुद्धात लिव्हरपूलमध्ये फरशीवर खडूने समुद्र आखून जर्मन पाणबुड्यांविरुद्धचे डावपेच तपासले गेले. १९४० च्या उन्हाळ्यात तर ब्रिटनच्या हवाई दलाचे खरे युद्धच एका मोठ्या मेजावर मांडलेले असे. रडारवरून खबर येई, हवाई दलातल्या मुली लांब काठीने ठोकळे पुढे सरकवत आणि त्या ठोकळ्यांकडे पाहून विमाने वर पाठवली जात. आकाशातली लढाई पटावर मांडणे ही केवळ हौस नव्हती, हे त्या मेजाने दाखवून दिले.

हौशी खेळाडूंसाठी या विषयाची सुरुवात पहिल्या महायुद्धाच्या दोन पंखी विमानांपासून झाली. अमेरिकेत माइक कार यांनी १९६०च्या दशकात ‘फाइट इन द स्काइज’ हा खेळ केला. त्याची लज्जत अशी, की वैमानिक एका डावापुरता नसतो. वाचला तर पुढच्या डावात त्याचे अनुभव जमेला धरले जातात आणि मेला तर त्याची वही बंद होते. पुढे सत्तरच्या दशकात या क्षेत्रात मोठी भरती आली आणि वेगवेगळी घराणी तयार झाली. गाण्यातल्यासारखाच हा प्रकार आहे. राग तोच, पण कोण कशावर जोर देतो त्यावरून घराणे ओळखायचे.

पहिले घराणे हिशेबाचे. डेव्हिड इस्बी यांचा १९७७ चा ‘एअर वॉर’ हा त्याचा मेरुमणी. प्रत्येक विमानाची उंची, वेग, नाकाचा कल, पंखांचा कल आणि इंजिनाचा जोर यांची नोंद प्रत्येक पाळीला ठेवायची. जे. डी. वेब्स्टर यांनी १९८७ च्या ‘एअर सुपीरिऑरिटी’त हाच मार्ग अधिक सुटसुटीत केला. या घराण्याचे मूळ जॉन बॉइड या अमेरिकी वैमानिकाच्या विचारात आहे. उंची आणि वेग ही विमानाची पुंजी आहे. वळताना ती खर्च होते, सूर मारताना उंचीचा वेग होतो आणि ज्याच्याजवळ पुंजी उरते तो पुढची खेळी ठरवतो, असे बॉइड यांनी साठच्या दशकात गणिताने दाखवले. हे घराणे विमानाशी अत्यंत प्रामाणिक आहे. पण खेळाडूला इतके हिशेब करावे लागतात आणि विचाराला इतका वेळ मिळतो, की प्रत्येक वैमानिक आपोआप पट्टीचा होऊन बसतो. आकाशात तीन सेकंदांत घ्यायचा निर्णय मेजावर दहा मिनिटे चघळता येतो.

दुसरे घराणे डोळ्यांचे. आल्फ्रेड लिओनार्डी यांच्या १९८० च्या ‘एस ऑफ एसेस’मध्ये पट नाहीच. दोघांच्या हातात एकेक छोटे पुस्तक असते आणि प्रत्येक पानावर वैमानिकाच्या आसनावरून दिसणारे दृश्य. आकडे सांगायचे, पान उलटायचे आणि शत्रू कुठे दिसतो ते पाहायचे. ‘चेक युअर सिक्स’सारख्या खेळांत चाल आधी कागदावर लिहावी लागते आणि मग सगळे एकदम हलतात. समोरचा काय करणार याचा अंदाज चुकला की सोंगटी रिकाम्या आकाशात जाते. येथे हिशेब ढोबळ असतो, पण अनिश्चितता खरी असते.

तिसरे घराणे नियंत्रकाच्या खोलीचे. ली ब्रिमिकोम-वूड यांच्या २००४ च्या ‘डाउनटाउन’मध्ये हनोईवरचे हल्ले मांडलेले आहेत. त्यात एकेकटे विमान दिसत नाही. सोंगटी असते ती विमानांच्या तुकडीची आणि खरा झगडा असतो कुणाला कोण आधी सापडतो याचा. त्यांच्याच २०१५ च्या ‘विंग लीडर’मध्ये पट आडवा पाहायचाच नाही. आकाश बाजूने पाहायचे, ढग मधे आणि सूर्य एका कडेला. चौथे घराणे चरित्राचे. त्यात एक स्क्वाड्रन महिनोन्महिने चालवायची असते. कुणाला आज पाठवायचे, कुणाला विश्रांती द्यायची, कोणाचे मन थकले आहे, याचा हिशेब ठेवायचा. कौशल्य येथे वाढते आणि झिजतेही.

या चारही घराण्यांत वैमानिकाचे कौशल्य येते, पण बहुतेक वेळा चुकीच्या जागी येते, असे आमचे मत आहे. सर्वांत सोपी आणि म्हणून सर्वांत रूढ रीत म्हणजे गोळीबाराच्या फाशाला अंक जोडणे. दोन फाशांची बेरीज नऊ किंवा जास्त आली तर नेम लागला, असा नियम धरू. छत्तीस शक्यतांपैकी दहा अनुकूल. म्हणजे शंभर वेळा झाडल्यास सुमारे अठ्ठावीस वेळा नेम. आता पट्टीच्या वैमानिकाला तीन गुण जास्त द्या. त्याला सहा पुरतात, छत्तीसपैकी सव्वीस शक्यता अनुकूल होतात आणि नेम शंभरात बहात्तर वेळा लागतो. एका लहानशा अंकाने नवखा आणि पट्टीचा यांच्यात अडीच पटींहून मोठे अंतर पाडले. आणि कशात पाडले? बंदूक चालवण्यात. लढाऊ वैमानिकांच्या आठवणी वाचल्या तर वेगळेच चित्र दिसते. ३५२ विजय नावावर असलेल्या एरिख हार्टमान यांनी सांगून ठेवले आहे, की आपण पाडलेल्यांपैकी बहुतेकांना आपण आल्याचे कळलेच नव्हते. १९१६ मध्ये ओस्वाल्ड बोल्के यांनी नवख्यांसाठी जे नियम लिहिले त्यांतही सूर्य पाठीशी घेणे, उंची राखणे आणि अगदी जवळ गेल्याशिवाय गोळी न झाडणे यांवर भर आहे. पट्टीचा वैमानिक इतका जवळ जातो की नेम चुकण्याची सोयच उरत नाही.

म्हणून या पुस्तकात कौशल्याचा अंक डोळ्यांना दिला आहे. शत्रू मागून येतो आहे आणि तो झाडण्याच्या टप्प्यात यायला दोन पाळ्या आहेत असे समजा. नवख्याला एका फाशावर सहा पडले तरच तो दिसेल. पट्टीच्याला चार, पाच किंवा सहा. दोन्ही पाळ्यांत काहीच न दिसण्याची शक्यता नवख्यासाठी छत्तीसपैकी पंचवीस, पट्टीच्यासाठी छत्तीसपैकी नऊ. नेमाचा फासा दोघांना जवळजवळ सारखाच ठेवला तरी नवखा जास्त वेळा पडतो, आणि ज्या कारणाने आकाशात पडत असे त्याच कारणाने पडतो. दुसरा भाग वेळेचा. नवखा आपली चाल आधी लिहून उघडी करतो, सरावलेला त्यानंतर, मुरलेला त्याच्याही नंतर आणि पट्टीचा शेवटी. समोरचा काय करतो आहे हे पाहून ठरवण्याची मुभा, हेच येथे कौशल्य. नवखा, सरावलेला, मुरलेला, पट्टीचा या चार पायऱ्यांची नावे आम्ही मुद्दाम तालमीतून आणि गायनाच्या बैठकीतून घेतली. ती ऐकली की अंकामागे माणूस दिसतो.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे आणि ती समजण्यासाठी एका दुपारकडे जवळून पाहावे लागेल. २२ नोव्हेंबर १९७१. पूर्व सीमेवर बोयराजवळ जमिनीवर लढाई चालू होती आणि पाकिस्तानची सेबर विमाने आपल्या सैन्यावर हल्ले करत होती. सकाळी दोनदा रडारवर सेबर दिसली, दोनदा डमडमहून नॅट विमाने निघाली आणि दोनदा ती पोहोचेपर्यंत आकाश रिकामे झाले होते. तिसऱ्यांदा, दुपारी तीनच्या सुमारास, फ्लाइट लेफ्टनंट मॅसी, फ्लाइट लेफ्टनंट गणपती, फ्लाइंग ऑफिसर लाझारस आणि फ्लाइंग ऑफिसर सुआरेस ही चौकडी वेळेवर पोहोचली. जमिनीवरून फ्लाइंग ऑफिसर बागची त्यांना दिशा देत होते. सेबर तीन होती की चार, याचे दोन्हीकडचे हिशेब वेगळे आहेत. झुंज काही मिनिटांतच संपली. दोन सेबर पाडली गेली, त्यांचे वैमानिक छत्रीने उतरले आणि पकडले गेले. तिसरे मार खाऊन परतले.

ही झुंज पटावर मांडताना कुणाच्या सोंगटीवर कोणता अंक लिहाल? ओसरीवर खेळायला येणारी मुले झटकन उत्तर देतात: नॅटवाले पट्टीचे, सेबरवाले नवखे, कारण हे जिंकले आणि ते हरले. निकालावरून गुण द्यायचे आणि मग त्या गुणांनी तोच निकाल काढायचा. मी वर्गात याला उत्तर पाहून गणित सोडवणे म्हणत असे. त्या दिवशी पकडल्या गेलेल्या दोघांपैकी एक होते परवेझ मेहदी कुरेशी. तेच पुढे १९९७ ते २००० या काळात पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख होते. त्यांना नवखे म्हणणारी सोंगटी खोटी ठरेल. त्या दुपारी ते कौशल्यात कमी पडले असे म्हणण्यापेक्षा, जमिनीवरच्या लक्ष्यात नजर गुंतलेली असताना त्यांना वरून गाठले गेले, असे म्हणणे सत्याच्या जवळ आहे. आणि गाठता आले ते बागचींच्या आवाजामुळे, सकाळच्या दोन फसलेल्या फेऱ्यांनंतरही तिसऱ्यांदा तितक्याच तत्परतेने निघालेल्या स्क्वाड्रनमुळे.

त्या झुंजीत आणखी एक बारकावा आहे. नॅटच्या दोन तोफांना प्रत्येकी ११५ गोळे. सलग झाडले तर जेमतेम पाच-सहा सेकंदांत खलास. शिवाय या तोफा अडकत. त्या दुपारी मॅसी यांच्या विमानातही तोफेने दगा दिला होता. पाच सेकंदांचा दारूगोळा आणि त्यातही तोफ अडकण्याची धास्ती असेल, तर कधी झाडायचे नाही हे कळणे केवढे मोठे कौशल्य आहे, याचा विचार करा. या पुस्तकातल्या नॅटच्या तक्त्यात म्हणूनच गोळ्यांच्या फक्त तीन खुणा आहेत. तिन्ही फुलींनी भरल्या की सोंगटी पटावर असते, पण तिच्यात दात उरत नाहीत.

निकालावरून गुण देण्याची रीत किती अन्याय करते याचे याहून मोठे उदाहरण १४ डिसेंबर १९७१ चे. श्रीनगरच्या धावपट्टीवर बाँब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी नॅट वर नेले आणि एकट्याने सेबरच्या जथ्याशी झुंज दिली. ते परतले नाहीत. वायुसेनेला आजवर मिळालेले एकमेव परमवीर चक्र त्यांचे आहे. निकालाचा रकाना पाहणारा खेळ त्यांच्या नावापुढे फक्त पराभव लिहील.

तिसरी चूक झेंड्याची. आपल्या बाजूच्या सोंगटीला एक गुण जास्त द्यावा असा मोह कोणालाही होतो, आणि तो देशप्रेमातून होतो म्हणून तो मोह आहे हे लक्षातही येत नाही. हवाई युद्धाच्या दाव्यांचा इतिहास येथे आपल्याला जागे करतो. १५ सप्टेंबर १९४० या दिवशी ब्रिटनने १८५ जर्मन विमाने पाडल्याचे जाहीर केले. युद्धानंतर जर्मन कागद हाती आले तेव्हा खरा आकडा साठच्या आसपास निघाला. कोणी खोटे बोलत नव्हते. एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या, तिघांनी त्याला धूर सोडत खाली जाताना पाहिले आणि तिघांनी ते आपल्या नावावर लिहिले. ७ सप्टेंबर १९६५ रोजी सरगोध्यावर पाकिस्तानचे स्क्वाड्रन लीडर आलम यांनी एका मिनिटाच्या आत पाच हंटर पाडल्याचा दावा झाला. भारतीय नोंदींशी तो जुळत नाही. त्याच दिवशी त्याच सरगोध्यावर स्क्वाड्रन लीडर देवय्या यांचे मिस्टेअर परतले नाही. त्यांनी एका स्टारफायटरशी झुंजून ते पाडले होते, हे आपल्याला पाकिस्तानी बाजूच्या हकिकतीतून उमगले आणि तेवीस वर्षांनी, १९८८ मध्ये, त्यांना महावीर चक्र देण्यात आले. आपल्या वीराचे शौर्य शत्रूच्या वहीत सापडले. दोन्हीकडच्या वह्या शेजारी ठेवून वाचायच्या, हा या पुस्तकाचा पहिला नियम त्या घटनेने आम्हाला शिकवला. म्हणून येथे सोंगटीचा अंक ठरतो तो उड्डाणाचे तास, त्या विमानावरचा सराव, आधी पाहिलेली लढाई आणि त्या दिवशीचे नेमून दिलेले काम यांवरून. झेंडा कोणता, हे पाहिले जात नाही.

कौशल्य एकट्या माणसात नसते, हे नागपूरच्या परिसरात राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागू नये. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आमच्या नागपुरात आहे. लढाऊ विमानांचा थरार पाहायचा तर लोक पुण्याच्या लोहगावकडे बोट दाखवतात. पण आज सकाळी स्क्वाड्रनमधली किती विमाने उडण्याजोगी आहेत, याचे उत्तर नागपूरच्या आणि ओझरच्या कामावर अवलंबून असते. विमान कमी तर सराव कमी, सराव कमी तर नवख्याचा मुरलेला होणे लांबते. जपानची गोष्ट हेच सांगते. १९४२ मध्ये पॅसिफिकवर दरारा असलेले जपानी नौदलाचे वैमानिक पडत गेले, त्यांच्या जागी पुरेसे शिकवलेले कोणी येईना, आणि जून १९४४ मध्ये मारियाना बेटांजवळ त्यांच्या नवख्या वारसदारांचा एकतर्फी संहार झाला. उलट व्हिएतनाममध्ये अमेरिकी नौदलाने १९६९ मध्ये झुंजीची खास शाळा काढली आणि त्याच फँटम विमानांनी त्यांची कामगिरी कित्येक पटींनी सुधारली. सुधारणेला इतरही कारणे होती, पण शाळेचा वाटा कोणी नाकारत नाही. आपल्याकडेही १९७१ च्या सुरुवातीला डावपेचांचा विकास आणि शिक्षण यांसाठी वेगळी संस्था उभी राहिली. कौशल्य हा साठा आहे. तो हळूहळू भरतो आणि फार झपाट्याने रिता होतो. पुस्तकातल्या मोहिमेच्या डावांत हा साठा सांभाळणे हेच खेळाडूचे मुख्य काम आहे.

हे सगळे आज का लिहायचे? एक कारण काळाचे आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडला मिग-२१ ने वायुसेनेचा निरोप घेतला. नाशिकजवळच्या ओझरला ही विमाने बांधली गेली आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत त्यांच्यावर काम केलेली माणसे आहेत. १९७१ मध्ये ज्यांनी विशीत उड्डाणे केली ते आज सत्तरी-पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. विमाने संग्रहालयात राहतील. पण धुक्यात काय दिसत होते, कानात कोणाचा आवाज होता, मान किती दुखत होती, ही माहिती माणसांबरोबर जाते. चांगला युद्धखेळ नेमके हेच प्रश्न विचारतो, कारण त्यांची उत्तरे मिळाल्याशिवाय त्याचा नियमच पुरा होत नाही.

दुसरे कारण आपल्या सार्वजनिक बोलण्याचे. २०१९ चे बालाकोट असो की २०२५ चे ऑपरेशन सिंदूर, पहिल्याच रात्री घराघरांत पाडलेल्या विमानांचे आकडे मोजले जातात आणि त्यांवरून कोण सरस ते ठरते. आता झुंज डोळ्यांच्या टप्प्यापलीकडे गेली आहे. शेकडो किलोमीटरवरून क्षेपणास्त्र सुटते, आणि पाहणारा डोळा रडारचा, कधी दुसऱ्याच विमानाचा असतो. तरीही प्रश्न बदललेला नाही. कोणाला आधी दिसले, कोणाला ठरवायला चार क्षण जास्त मिळाले? ज्याने एकदा तरी नवख्याची सोंगटी हातात धरून दोन पाळ्या फाशाची वाट पाहिली आहे, तो आकड्यांच्या त्या गदारोळात जरा थांबेल, दुसरी वही मागेल. मराठीत युद्धाचा इतिहास भरपूर लिहिला गेला आहे. तो असा हाताने तपासून पाहण्याची रीत मात्र आपल्या भाषेत रुजलेली नाही. हे पुस्तक तिचे बी पेरते.

वाचकाने यात काय अपेक्षावे? विमानांची माहिती आहे, पण हा विमानांचा कोश नाही. नियम आहेत आणि प्रत्येक नियमासोबत तो का केला याची मोकळी चर्चा आहे, म्हणजे पटत नसेल तर वाचकाला तो बदलता यावा. पहिल्या महायुद्धातले डाव आहेत, १९६५ आणि १९७१ चे आहेत, आणि शेवटी आजच्या दूरच्या झुंजीकडे जाणारी वाट आहे. गणित आठवीच्या मुलाला झेपेल एवढेच ठेवले आहे. ते मी स्वतः तपासले आहे.

एका गोष्टीबद्दल लेखक आणि मी बराच काळ बोललो. सोंगटीवर खऱ्या माणसाचे नाव लिहावे का? ५ डिसेंबर १९७१ रोजी सुखोई-७ घेऊन गेलेले फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे आजही बेपत्ता आहेत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, यांनी त्यांच्या शोधात आयुष्य घातले. पटावरून सोंगटी उचलताना आपण काय उचलतो आहोत याचे भान सुटता कामा नये. शेवटी आम्ही असे ठरवले, की नावे पुस्तकात येतील, माणसाच्या पूर्ण हकिकतीसह. सोंगट्यांवर फक्त पायरी येईल. वेलिणकरांची हकिकत वाचून मगच त्यांच्या स्क्वाड्रनचा डाव मांडायचा. सोंगटी कोणाची, हे खेळणाऱ्याला कळलेले असेल.

नव्या वाचकाला माझी एकच विनंती. बोयराचा डाव उघडाल तेव्हा तो दुपारी तीनला सुरू होत नाही, सकाळी सुरू होतो. पहिल्या फेरीत तुम्ही नॅट वर न्याल आणि आकाश रिकामे असेल. दुसऱ्या फेरीतही रिकामेच. मुले येथे कंटाळतात आणि पाने उलटून तिसऱ्या फेरीवर जाऊ पाहतात. तसे करू नका. ज्यांनी त्या दिवशी दोनदा रिकामे परतून तिसऱ्यांदा तेवढ्याच लगबगीने विमाने वर नेली, त्यांचे कौशल्य त्या दोन रिकाम्या फेऱ्यांतही आहे. ते कोणत्याच अंकात बसवता आले नाही, म्हणून त्या फेऱ्या आम्ही तशाच ठेवल्या आहेत.